नंबर तोच, इंजिन तेच

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला गाडीचं वय खुशाल विचारावं, ॲव्हरेज विचारावं, अगदी विकणार का असंही विचारावं. इंजिनात काय काय घातलंय हे मात्र विचारू नये. विचारायचंच असेल तर घरी सांगून निघावं, कारण उत्तर तासाभरात संपत नाही आणि मध्येच उठून जाणं बरं दिसत नाही.

आमच्या शेजारच्या काकांकडे १९६९ची फियाट ११०० डिलाइट आहे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात बांधलेली. काकांच्या वडिलांनी तिच्यासाठी नंबर लावला तेव्हा काका शाळेत होते आणि गाडी दारात आली तेव्हा कॉलेजात. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ हे आकडे काकांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्के पाठ आहेत, असं काकूंचं म्हणणं. खात्री करून घ्यायच्या भानगडीत मी पडलो नाही.

अलीकडे ही गाडी पेट्रोलच्या बरोबरीने ऑइलही प्यायला लागली होती. सकाळी सेल्फ मारला की निळा धूर आधी काकांच्या, मग आमच्या आणि मग समोरच्या सोसायटीच्या बाल्कनीत जायचा. समोरच्या सोसायटीने पत्र पाठवलं. काकांनी त्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून ते परत पाठवलं, पण दुसऱ्या दिवशी गाडी नाना पेठेत मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने डिपस्टिक काढली, हुंगली, फडक्याला पुसली आणि निदान केलं, "काका, रिंगा गेल्यात. इंजिन खोलून बांधायला लागंल."

"बांध की. पण एक अट आहे. सगळं ओरिजिनल पाहिजे."

मिस्त्री काही बोलला नाही. त्याने चहा मागवला.

इंजिन उतरवून खोललं तेव्हा कळलं की काका ज्याला मूळचं इंजिन म्हणत होते त्याचं मूळ बरंच खोल गेलेलं होतं. एकेक वस्तू निघेल तशी मिस्त्री वर्तमानपत्रावर मांडत होता. पिस्टन ओव्हरसाइज, म्हणजे बोअरिंग पूर्वीच झालेलं. कार्ब्युरेटर कुठल्याशा टॅक्सीचा. थर्मोस्टॅट नव्हताच, घाटात गाडी तापते म्हणून कुणीतरी काढून टाकलेला. टॅपेट कव्हरचा एक नट बाकीच्यांपेक्षा वेगळा, तो स्कूटरचा. एका जागी एम-सीलचा असा थर की सेन्सॉर बोर्डानेही एवढं झाकलं नसतं. काकांचा चेहरा उतरत चालला.

"हे असलं काम केलं कुणी?"

मिस्त्रीने नट उजेडात धरून फिरवून पाहिला. "आमच्या वडलांनी," तो म्हणाला. आवाजात अभिमान होता.

मग सुरू झाली खरेदी. नाना पेठेतल्या दुकानांत स्पेअर पार्टची जी वर्णव्यवस्था आहे ती कुठल्याही स्मृतिग्रंथापेक्षा काटेकोर आहे. सगळ्यात वर 'ओरिजिनल': कंपनीच्या खोक्यातला, सील असलेला, बहुधा अस्तित्वात नसलेला. त्याच्या खाली 'ओईएम', म्हणजे कंपनीला माल पुरवणाऱ्यानेच बनवलेला, फक्त खोकं वेगळं. मग 'मार्केटचा'. मग 'दिल्लीचा'. हा शब्द उच्चारताना दुकानदार आवाज खाली आणतो, पण माल काढून समोर ठेवतो. आणि सगळ्यात शेवटी 'काढलेला', म्हणजे दुसऱ्या गाडीतून निघालेला. गंमत अशी की खऱ्या जाणकाराची पहिली पसंती या शेवटच्यालाच असते. काढलेला पार्ट निदान एकदा तरी कुठल्या तरी गाडीत बसलेला असतो.

"फियाटचं हेड गॅस्केट आहे का?" काकांनी विचारलं.

"कुठली? पालिओ, युनो, लिनिया?" काउंटरवरच्या पोराने तोंडपाठ म्हटलं.

"११००."

पोराने मोबाइल काढून वडिलांना लावला, वडिलांनी आजोबांना दिला. आजोबांनी घरी पलंगावर पडल्या पडल्या सांगितलं: माळ्यावर, डाव्या हाताला, ॲम्बेसेडरच्या क्लच प्लेटांच्या मागे. गॅस्केट खरोखर तिथेच होतं. मेणकागदात गुंडाळलेलं, वर फिकट छापील लेबल, काकांच्या डोळ्यांत पाणी यावं असं. त्यांनी ते दोन्ही हातांनी उघडलं आणि घडीवर ते कटकन तडकलं. ओरिजिनल होतं यात वाद नाही. पण इतकी वर्षं माळ्यावर काढल्यावर इंजिनात जाण्याचा उत्साह त्यात राहिलेला नव्हता. बसवलं शेवटी 'मार्केटचं'. तडकलेलं काकांनी टाकू दिलं नाही.

खरा पेच पडला पिस्टनचा. बोअर पुन्हा वाढवायला लागणार होता आणि हव्या त्या मापाचा सेट पुण्यात कुणाकडेच नव्हता. पद्मिनीच्या टॅक्सी मुंबईत धावत होत्या तोवर हा प्रश्न कधी आला नाही, कारण डिलाइट काय नि पद्मिनी काय, इंजिन तेच १०८९ सीसीचं. टॅक्सीवाल्यांच्या जिवावर घरच्या फियाटीही जगल्या. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. बातम्यांत फोटो आले, लोकांनी हळहळ व्यक्त केली. त्या हळहळीत फियाटमालकांचं दुःख वेगळ्या जातीचं होतं: आता रिंगा कुठून आणायच्या?

मिस्त्रीला इथे दिव्यदृष्टी प्राप्त झाली. मारुती ८००! तिचा बोअर ६८.५ मिलिमीटर, आपला ६८. अर्धा मिलिमीटर बोअर वाढवायचा की मारुतीचे पिस्टन सरळ आत. मारुतीचे पिस्टन तर कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. काका ओरिजिनलची अट विसरून आनंदले आणि मिस्त्रीने व्हर्नियर शोधून काढायच्या आत स्वतः जाऊन पिस्टन घेऊन आले. आता, मारुती ८००चं इंजिन तीन सिलिंडरचं. सेटमध्ये पिस्टन तीन. फियाटला लागतात चार. दुकानदार सुटा पिस्टन द्यायला तयार होईना. काकांनी दोन सेट घेतले. सहा पिस्टन, त्यांतले चार लावायचे, दोन उरणार. म्हणजे हिशेबाने दोन तृतीयांश मारुती जास्तीची. काकू शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी एवढंच विचारलं, "अशा तीन गाड्या केल्या तर सहा पिस्टन उरतील, म्हणजे दोन मारुत्या फुकट. काढू का कारखाना?"

मग व्हर्नियर सापडला. पिस्टन पिन जुळेना. पिनपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची जुळेना, आणि ती जुळली नाही की पिस्टन एक तर वर पोचत नाही किंवा पोचतो तो हेडला भेटायलाच. मिस्त्री म्हणाला, "लेथवर बुश करून बसवू की." पण हे म्हणताना त्याने काकांकडे पाहिलं नाही, त्यावरून काकांनी काय ते ओळखलं. अखेर मुंबईतल्या एका गॅरेजवाल्याकडे पद्मिनीचा एक सेट निघाला. टॅक्सीसाठी घेऊन ठेवलेला. इंजिनकामाचा मुहूर्त लागायच्या आधी टॅक्सीच भंगारात गेली. पिस्टन 'दिल्लीचे' होते. ब्लॉकला स्लीव्ह मारून बोअर मूळ मापावर आणला आणि ते त्यात बसवले. मारुतीचे सहा पिस्टन सध्या काकांच्या बैठकीत आहेत. चारांवर टीव्हीचं कपाट टेकलंय.

बेअरिंगच्या बाबतीत मात्र मला मिस्त्रीचं तत्त्वज्ञान निर्विवाद वाटतं. डायनामोचं बेअरिंग गेलं होतं. काका म्हणाले, फियाटचंच पाहिजे. मिस्त्रीने जुन्या बेअरिंगच्या कडेवरचा काजळलेला नंबर नखाने खरवडून दाखवला: ६२०३. आतून १७, बाहेरून ४०, जाडी १२ मिलिमीटर. जगात कुठेही जा, ६२०३ हे एवढंच असतं. ते तुरिनच्या गाडीत आहे, वॉशिंग मशीनमध्ये आहे की दळणाच्या गिरणीत, याची बेअरिंगला कल्पना नसते. ऑइल सीलचंही तसंच. मापं जुळली की सील बसतं, मग खोक्यावर ट्रॅक्टरचं चित्र का असेना. काकांनी खोक्यावरचं चित्र खिशात घातलं, कुणी पाहू नये म्हणून. पुढे तो डायनामोही गेला आणि त्याच्या जागी मारुतीचा अल्टरनेटर आला, तेव्हा त्या ६२०३साठी केलेला वाद सगळा फुकट गेला. असो.

व्हॉल्व्ह बसवतानाचा मिस्त्री मात्र बघण्यासारखा होता. एरवी तो पाना फेकून देतो, शिवी हासडतो, मोबाइल खांद्याला अडकवून नट आवळतो. व्हॉल्व्ह हातात आला की त्याचा आवाज बंद. व्हॉल्व्हच्या कडेला ग्राइंडिंग पेस्टचं बोट लावायचं, दांडीच्या टोकाची रबरी चकती व्हॉल्व्हला चिकटवायची आणि रवी घुसळावी तशी ती दांडी दोन तळव्यांत फिरवायची. मध्येच उचलून पाव वळसा द्यायचा, पुन्हा घासायचं. आधी खरखर आवाज येतो, मग तो मऊ होत जातो. पुसून पाहिलं की सीटवर सगळीकडून सारख्या रुंदीची राखाडी रेघ दिसायला हवी. मग व्हॉल्व्हच्या कडेवर शिसपेन्सिलीने आडव्या रेघा मारायच्या, सीटवर ठेवून किंचित फिरवायचं आणि बघायचं. एक जरी रेघ पुसायची राहिली तर पुन्हा पेस्ट. हे आठही व्हॉल्व्हना. या कामात ओरिजिनल काय आणि दिल्लीचं काय, काही फरक पडत नाही. एक रेघ राहिली तर तुरिनहून आलेला व्हॉल्व्हही गळणार. यानंतर त्याच माणसाने डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे गॅरेजच्या बोलीत डेल्कोच्या, पॉइंटचा गॅप लग्नपत्रिकेने मोजला. फीलर गेज होतं, पण ते लग्नपत्रिकेइतकं हाताशी नव्हतं. पत्रिकाही साधी नव्हती, जाड कागदाची, सोनेरी अक्षरांची. "मागच्या वर्षापासून हीच वापरतो," तो म्हणाला. "पोरगी सासरी सुखात आहे."

तरीही काकांचं मन खात होतं, आणि त्याला कारण सरकार. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर तिची व्हिंटेज म्हणून नोंद होते, नंबरात ऐटीत 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. दुसरी अट, ती रस्त्यावर रोज वापरायची नाही. या दोन अटींपैकी पहिली पाळली की दुसरी आपोआप पाळली जाते हे नियम करणाऱ्यांच्या लक्षात आलं असावं.

काकांनी हा नियम मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा काकू भाजी निवडत होत्या. "पन्नाशी उलटलेली पाहिजे आणि आत काही बदललेलं नको. मग तुमची नोंद कशी व्हायची? दोन्ही गुडघे टायटॅनियमचे, डोळ्यात लेन्स, खालची कवळी."

"माझा इंजिन नंबर तोच आहे," काका म्हणाले.

हे त्यांनी मिस्त्रीकडून उचललं होतं. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि आरसी बुकात तोच लिहिलेला असतो. ब्लॉक बदलला तर आरटीओची परवानगी, कागद, खेटे. ब्लॉक तसाच ठेवून त्याच्या पोटातलं सगळं बदललं तर कुणाला पत्ता नाही. मिस्त्रीचं म्हणणं सरळ आहे: नंबर तोच, मग इंजिन तेच. बाकी सगळं 'खर्चाचं सामान'.

हे ऐकून हसायचं कारण नाही. इंग्लंडच्या हायकोर्टातही जवळपास याच मुद्द्यावर १९९०मध्ये निकाल झालेला आहे. 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मांची शर्यत जिंकलेली. पुढे तिला मोठं इंजिन बसलं, १९३२ला ब्रुकलँड्सवर जीवघेणा अपघात झाला, नंतर बॉडीही निराळी चढली. साठ वर्षांनी एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला आणि पैसे द्यायच्या वेळी खरेदीदार म्हणाला, ही ती गाडीच नव्हे, हिच्यात १९२९चं आहे काय? न्यायमूर्ती ऑटन यांनी सगळा ताळेबंद ऐकला आणि सांगितलं की ही मूळ रूपातली गाडी नाही खरी, पण तिच्या इतिहासात खंड पडलेला नाही, कुठल्याही टप्प्यावर ती नाहीशी होऊन दुसरी झालेली नाही, तेव्हा 'ओल्ड नंबर वन' म्हणवून घ्यायचा हक्क तिचाच. काकांना मी हा निकाल सांगितला. त्यांनी तो मिस्त्रीला सांगितला. मिस्त्रीने एकच विचारलं, "जजसाहेबांकडं गाडी कुठली होती?"

आणि मुळात आपल्याकडच्या गाड्यांना मूळ तरी कुठलं एक होतं? फियाट ११०० तुरिनची. कुर्ल्यात ती आधी सुट्या भागांतून जोडली जाई, मग एकेक भाग इथेच बनायला लागला. फियाटबरोबरचा करार संपला तशी ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि मग चितोडच्या राणीचं नाव घेऊन पद्मिनी. पुढे कंपनीनेच त्या बॉडीत परक्याचं डिझेल इंजिन घातलं. १९८५ची ११८ एनई घ्या. बॉडी फियाट १२४च्या घराण्यातली, इंजिन निसानचं ११७१ सीसीचं. तिकडे मॉरिस ऑक्सफर्डची ॲम्बेसेडर झाली होतीच, तिलाही १९९०च्या दशकात इसुझूचं इंजिन मिळालं. हेच नाना पेठेत कुणी केलं तर त्याला जुगाड म्हणतात. कारखान्यात केलं की त्याचं माहितीपत्रक छापतात.

फियाटला मोठा मान मिळवून दिला तो लालबहादूर शास्त्रींनी. पंतप्रधान असताना १२,००० रुपयांची गाडी घ्यायला त्यांनी बँकेचं ५,००० रुपये कर्ज काढलं होतं. ती गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात जपून ठेवली आहे. तिच्या इंजिनात काय आहे हे कुणी विचारत नाही, कारण तिला खंबाटकी चढायचा नाही.

काकांच्या गाडीला चढायचा असतो. वास्तविक मूळचं सगळं जपलं तरी चालवायला मूळचं पेट्रोल कुठून आणणार? या इंजिनाची घडण शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातली. ते पेट्रोल देशभरातून २००० साली बंद झालं. आता पंपावर येतं त्यात २० टक्के इथेनॉल. जुन्या रबराला ते मानवत नाही. नळ्या फुगतात, पंपाचा पडदा सुरकुततो, कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो. म्हणजे तुरिनची ही राणी म्हातारपणी सांगली-कोल्हापूरच्या उसावर आली. मिस्त्रीने नळ्या नव्या जातीच्या घातल्या, पडदा बदलला, आणि काकांनी पेट्रोल भरताना पंपाकडे पाठ करून उभं राहायला सुरुवात केली.

इंजिन चालू झालं त्या दिवशी गल्लीत गर्दी होती. पहिल्या सेल्फला काही नाही. दुसऱ्याला सायलेन्सरमधून फटाका, समोरच्या सोसायटीच्या खिडक्या उघडल्या. मिस्त्रीने डेल्को किंचित फिरवला, प्लगच्या दोन वायरी उलट्या लागल्या होत्या त्या सरळ केल्या आणि गाडीने आवाज दिला. धूर नाही. मिस्त्रीने चालत्या इंजिनाच्या कव्हरवर रुपयाचं नाणं उभं करून दाखवलं. ते चार सेकंद उभं राहिलं आणि मग चेंबरच्या अंगाने खाली गेलं, ते अजून सापडलेलं नाही. पुढच्याच रविवारी काकांनी गाडी खंबाटकीत घातली. पूर्वी या घाटात बॉनेट उघडून, रेडिएटरला पाणी पाजत उभ्या असलेल्या फियाटींची रांग असायची. काकांची गाडी न थांबता वर गेली, कारण पुढे मारुतीचा इलेक्ट्रिक पंखा फिरत होता आणि थर्मोस्टॅट जागेवर होता. वर पोचल्यावर काकांनी बॉनेट उघडलंच, सवयीने. एका जाणकार गृहस्थाने आत डोकावून ओठ मुडपले. "पंखा ओरिजिनल नाही वाटतं?" काकांनी बॉनेट लावलं.

जुने सगळे पार्ट आता पोत्यात, काकांच्या पलंगाखाली आहेत. तडकलेलं गॅस्केट, झिजलेले पिस्टन, डायनामो, गळका वॉटर पंप. काकूंनी ते भंगारवाल्याला द्यायचा घाट घातला होता, पण तेवढ्यात साताऱ्याहून फोन आला. तिथल्या एकाची फियाट, तो ती व्हिंटेज प्रदर्शनासाठी तयार करतोय आणि त्याला १९६९चाच वॉटर पंप पाहिजे. काकांनी अशी किंमत सांगितली की काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. पलीकडचा कबूल झाला. मग त्याने विचारलं, "चालू आहे ना?"

"चालू कुठला?" काका म्हणाले. "ओरिजिनल आहे."